वाढीचा आकडा आणि मातीचा हिशेब : वृक्षलागवडीच्या मराठी चर्चेची एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वृक्षलागवडीविषयी गेल्या चार दशकांत जे लेखन झाले, जे अहवाल निघाले आणि जे वाद झडले, त्यांत दोन प्रश्न वारंवार विचारले गेलेले दिसतात. झाडे किती लावली, हा पहिला. आणि लावलेल्यांपैकी जगली किती, हा दुसरा. पहिला प्रश्न शासकीय पत्रकांना प्रिय आहे, दुसरा टीकाकारांना. राज्यात २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे ठरविण्यात आली, तेव्हा सारी चर्चा याच दोन प्रश्नांभोवती फिरली. २०२१ मध्ये या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमण्याचे जाहीर झाले, तेव्हाही विषय होता तो खर्चाचा आणि जिवंत रोपांच्या टक्केवारीचा. हे प्रश्न गैरलागू आहेत असे कोणी म्हणणार नाही. मात्र दोन्ही प्रश्न झाडाकडे पाहून विचारलेले आहेत. झाड ज्या मातीत उभे आहे तिच्याकडे पाहून विचारावयाचा तिसरा प्रश्न बाजूलाच राहतो : वाढताना झाडाने मातीतून काय उचलले, आणि त्यापैकी मातीला परत काय मिळाले?

प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाच्या कसोटीवर आपल्याकडील वृक्षलागवडविषयक चर्चेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, झाडाची जोमदार वाढ हा मातीच्या आरोग्याचा पुरावा मानण्याची आपली सवय सदोष आहे. वाढ ही मातीतून केलेली उचल असते. ती परतफेडीची उचल आहे की बुडीत, हे झाडाच्या जातीवरून फारसे कळत नाही. तोडणीच्या वेळी शेतातून किंवा टेकडीवरून काय बाहेर जाते, किती वर्षांनी जाते आणि कोणत्या मातीतून जाते, यावरून ते कळते.

वाढ आणि उचल

वनस्पतीच्या कोरड्या वजनाचा बहुतांश भाग हवा आणि पाणी यांपासून बनतो, ही गोष्ट शालेय विज्ञानातील आहे. या ज्ञानातूनच एक सोयीस्कर समजूत तयार झालेली दिसते, ती अशी की लाकूड तोडून नेल्याने मातीचे विशेष काही बिघडत नाही. लाकडापुरते बोलायचे तर या समजुतीत तथ्य आहे. निलगिरीसारख्या झाडाच्या पानांत नत्राचे प्रमाण साधारणपणे एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान असते. साल काढलेल्या लाकडात ते त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. सालीत कॅल्शियमचा साठा मोठा असतो. शिवाय खोडाचा आतला गाभा पक्का होत असताना झाड त्यातील स्फुरदासारखी द्रव्ये काढून घेते आणि वाढत्या भागांकडे वळविते. म्हणजे झाडाचे वजन जेथे सर्वांत जास्त, तेथे मातीची संपत्ती सर्वांत कमी, आणि जो भाग आपण ‘कचरा’ म्हणून ओळखतो त्यात ती सर्वांत दाट.

केवळ समजुतीसाठी एक हिशेब मांडू. एका हेक्टरावरून १०० टन कोरडे लाकूड निघाले आणि त्यात नत्र ०.१ टक्का आहे असे धरले, तर लाकडाबरोबर १०० किलो नत्र गेले. त्याच झाडांवर १० टन पाला असेल आणि त्यात दीड टक्का नत्र असेल, तर पाल्यात १५० किलो नत्र आहे. युरियाच्या भाषेत सांगायचे तर लाकडाबरोबर ४५ किलोच्या जवळपास पाच गोण्या गेल्या, आणि लाकडाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या पाल्याबरोबर सात गोण्यांहून अधिक. हे आकडे कल्पित आहेत, पण त्यांतील गुणोत्तर कल्पित नाही. खोड विकून पाला जागेवर ठेवणारा शेतकरी आणि खोड विकून पाला-डहाळ्या सरपणाला नेणारा शेतकरी यांच्या शेतांत एकाच जातीचे झाड एकाच गतीने वाढलेले असेल, तरी दोघांच्या मातीचे भवितव्य एक नसते.

याहून महत्त्वाची बाब काळाची आहे, आणि आपल्या चर्चेत तिला जवळजवळ स्थानच नाही. लागवडीच्या सुरुवातीच्या वर्षांत झाड आपले पर्णछत्र उभारत असते. या काळात त्याची भूक सर्वाधिक असते आणि ती भागविण्याचा मुख्य मार्ग म्हणजे माती. फांद्यांना फांद्या भिडून पर्णछत्र पूर्ण झाले की स्थिती पालटते. जुने पान गळण्यापूर्वी झाड त्यातील बरीचशी द्रव्ये परत ओढून घेते. गळलेला पाला कुजून मुळांना पुन्हा मिळतो. आणि मातीवरील नवा भार उतरणीला लागतो. थोडक्यात, झाड तारुण्यात मातीवर जगते व प्रौढपणी बऱ्याच अंशी स्वतःच्याच गळलेल्या पानांवर जगते. पाच-सात वर्षांच्या तोडणीत नेमके काय होते हे आता लक्षात येईल. झाड स्वतःच्या पुंजीवर जगू लागते न लागते तोच ते कापले जाते, आणि मातीच्या वाट्याला पुन्हा ते भुकेले तारुण्य येते. पन्नास-साठ वर्षांत सागाची एक तोडणी आणि तेवढ्याच काळात निलगिरीच्या आठ-दहा तोडण्या यांत एकूण लाकूड सारखे निघाले, तरी मातीवरील भार सारखा राहत नाही.

या ठिकाणी वाढीचा आकडा आणखी एका प्रकारे फसवितो. निलगिरी तोडल्यावर बुंध्यातून फुटवे येतात, आणि उसाच्या खोडव्याप्रमाणे त्यांचे दुसरे पीक घेता येते. या फुटव्यांना मुळांचा पसारा आयता मिळालेला असतो. त्यामुळे पहिल्या तोडणीनंतरची वाढ पुष्कळदा मूळ लागवडीपेक्षाही वेगवान दिसते. शेतकरी त्यावरून ‘जमीन झाडाला मानवली’ असा निष्कर्ष काढतो, आणि तो निष्कर्ष स्वाभाविकही आहे. वास्तविक ती वाढ जुन्या मुळांची मिळकत असते. मातीचा तुटवडा पुढच्या तोडण्यांत दिसू लागतो आणि तोपर्यंत त्याचे श्रेय म्हाताऱ्या बुंध्यांना, वाळवीला किंवा कमी पावसाला देण्याची सोय झालेली असते.

निलगिरीचा वाद : दोन बाजू, एक उणीव

मराठी भूमीवर निलगिरीचा विषय नाशिक जिल्ह्याखेरीज पुरा होत नाही. सामाजिक वनीकरणाचा स्वतंत्र विभाग राज्यात १९८२ मध्ये उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, निफाड तालुक्यातील कुंदेवाडीचे विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने नाशिक जिल्ह्यात निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. साखर आणि दूध यांच्यापाठोपाठ झाडांनाही सहकाराच्या चौकटीत आणण्याचा हा प्रयत्न खचितच धाडसी होता. रोप, लागवडीचे मार्गदर्शन आणि विक्री यांची साखळी शेतकऱ्यांनी स्वतः उभी करावी, ही कल्पना त्यामागे होती. पाटलांना ‘वनाधिपती’ ही उपाधी लाभली ती या कामामुळे. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा आलेल्या लेखांतही या संस्थेचा उल्लेख आदराने झाला, आणि तो योग्यच होता.

त्याच सुमारास कर्नाटकात वारे उलट दिशेने वाहत होते. कोलार जिल्ह्यात नाचणीच्या जमिनी निलगिरीखाली जात असल्याबद्दल जयंत बंदोपाध्याय व वंदना शिवा यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभापासून टीका चालविली होती, आणि १९८३ मध्ये तुमकूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी शासकीय रोपवाटिकेतील निलगिरीची रोपे उपटली. हा वाद मराठीत आला तो मुख्यतः पाण्याचा वाद म्हणून. ‘निलगिरी पाणी पिते’ हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले की आजही वर्गात निलगिरीचे नाव काढताच विद्यार्थी तेच ऐकवितात. या वाक्यात सत्यांश आहे. इयन काल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकात केलेल्या आणि १९९२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या मोजणीत, होसकोटे येथील खोल मातीत निलगिरीने पडलेल्या पावसाहून अधिक पाणी वापरल्याचे आढळले; अन्यत्र मात्र तिचा पाणीवापर तेथील देशी जंगलाइतकाच होता. पाण्याबाबत निदान मोजणी तरी झाली आणि कर्नाटक शासनाने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदीही घातली. पोषकद्रव्यांचा मुद्दा मात्र दोन्ही बाजूंनी घोषणेच्या पातळीवरच राहिला.

समर्थकांचा युक्तिवाद असा असे की, एका वर्षात गहू किंवा ऊस मातीतून जेवढे नत्र व पालाश उचलतो, त्याच्या तुलनेत निलगिरी अगदी थोडे उचलते. मग तिलाच दोष का? युक्तिवाद आकड्यांच्या दृष्टीने चूक नाही. त्यात दडलेली गोष्ट अशी की, उसाला शेतकरी खत घालतो. पान पिवळे पडले की त्याच्या लक्षात येते, आणि पुढच्या हंगामात तो उपाय करतो. निलगिरीचे आकर्षण मुळात ‘लावा आणि विसरा’ यात होते. खर्च नाही, राखण नाही, जनावर तोंड लावत नाही. मजुरांची टंचाई आणि पाण्याची अनिश्चिती यांनी बेजार झालेल्या शेतकऱ्याला हे आकर्षण वाटले यात नवल नाही. पण ज्या पिकाला काहीच घातले जात नाही, त्याची थोडीशी उचलही निव्वळ उचल असते. जमाखर्चाच्या वहीत फक्त खर्चाची बाजू ताडून पाहणे आणि जमेच्या बाजूकडे पाहायचेच नाही, ही हिशेबाची रीत नव्हे.

विरोधकांचे प्रतिपादन याहून ढोबळ होते. निलगिरी ‘जमीन नापीक करते’, ती ‘विषारी’ आहे, तिच्याखाली गवत उगवत नाही, अशी विधाने जातीच्या स्वभावाविषयी केली गेली. परदेशी झाड वाईट आणि देशी झाड चांगले, हे समीकरण त्यातून दृढ झाले. देशी बाभूळ किंवा कडुनिंब पाच-पाच वर्षांनी मुळापासून शेंड्यापर्यंत उचलून नेला तरी माती निकस होणारच, ही साधी गोष्ट या समीकरणात बसत नाही. आणि निलगिरीचा पाला, साल व डहाळ्या जागेवर ठेवून दीर्घ मुदतीने तोडणी केली, तर तोटा बराच आटोक्यात राहतो, हेही बसत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी पूर आणि फ्रीस या अभ्यासकांनी १९८५ मध्ये निलगिरीच्या परिणामांचा जो आढावा घेतला, त्याचे सार असे होते की, सर्वत्र लागू पडेल असे एकच उत्तर या प्रश्नाला नाही. स्थळ आणि व्यवस्थापन पाहूनच ते द्यावे लागेल. दोन्ही पक्षांना अशा उत्तराचा उपयोग नव्हता.

स्थळ पाहायचे म्हणजे काय, याचा आपल्या राज्यापुरता विचार करू. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीत कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर आणि पालाशही बहुधा पुरेसे असते. तुटवडा असतो तो नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय कर्बाचा. येथे सालीबरोबर जाणाऱ्या चुन्याची काळजी दुय्यम, पाल्याबरोबर जाणाऱ्या नत्राची आणि कर्बाची मुख्य. कोकणातील जांभ्या मातीत नेमके उलट आहे. अतिवृष्टीने तिच्यातील चुना आणि पालाश आधीच धुऊन गेलेले असतात व स्फुरद लोहाशी बांधले गेलेले असते. तेथे आपण ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड मोठ्या प्रमाणावर केली. ती हवेतील नत्र मातीत आणते, म्हणून ‘माती सुधारणारे झाड’ अशी तिची ख्याती. पण नत्र हवेतून मिळते तसा चुना हवेतून मिळत नाही, आणि स्फुरदही नाही. जे झाड नत्राच्या बाबतीत स्वयंपूर्ण आहे ते वेगाने वाढते, आणि वेगाने वाढते म्हणूनच बाकीची द्रव्ये वेगाने उचलते. एका घटकाची जमा दुसऱ्या घटकाचा खर्च वाढविते, याची दखल आपल्या लागवड-पुस्तिकांत घेतलेली दिसत नाही.

अन्यत्र काय घडले

वृक्षशेतीत माती खचते ही शंका नवी नाही. जर्मनीत शेतकरी जंगलातील पाचोळा गुरांच्या गोठ्यात अंथरण्यासाठी ओरबाडून नेत; त्याने जंगलाचे काय होते याचा रासायनिक हिशेब एबरमायर याने १८७६ मध्येच मांडला होता. पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियातील पाइनच्या लागवडीत दुसऱ्या पिढीची झाडे पहिलीपेक्षा कमी वाढत असल्याचे कीव्हज याने १९६६ मध्ये दाखवून दिले, तेव्हा वनशास्त्रात मोठी खळबळ उडाली. या प्रकरणाचा उत्तरार्ध आपल्यासाठी जास्त बोधप्रद आहे. तोडणीनंतरचा पालापाचोळा जाळून जमीन ‘स्वच्छ’ करण्याची पद्धत तेथे होती. ती थांबविली, पाला जागेवर राखला, तणनियंत्रण व गरजेपुरते खत यांची जोड दिली, आणि घट भरून निघाली. झाडाची जात बदललेली नव्हती. काँगोमधील वालुकामय जमिनीवरील निलगिरीच्या प्रयोगांतही तोडणीनंतरचा पाला काढून नेला किंवा ठेवला एवढ्यावरून पुढील पिढीच्या वाढीत मोठा फरक पडल्याचे नोंदले गेले आहे. सुपीक जमिनीवर असा फरक लगेच दिसत नाही. माती जितकी श्रीमंत तितका तिचा ऱ्हास उशिरा लक्षात येतो.

भारतात निलांबूर येथे १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली आणि केवळ सागच लावण्याचे परिणाम काय, यावर लॉरी व ग्रिफिथ यांनी १९४२ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. म्हणजे १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन होऊन विदर्भातील मिश्र जंगलाच्या जागी सागाची लागवड जोरात सुरू झाली, तेव्हा हा प्रश्न भारतीय वनशास्त्राला चांगला परिचित होता. सागाच्या मोठ्या पानांवरून पावसाचे पाणी जड थेंबांनी खाली पडते; खालचे झुडूप-गवत उन्हाळ्यातील वणव्याने गेलेले असेल तर तो थेंब उघड्या मातीवर आदळतो. साग सरळ, उंच आणि एकसारखा वाढतो, आणि त्याच्या रांगांतून माती ओघळत राहते. महामंडळावर टीका झाली ती आदिवासींच्या हक्कांच्या आणि जैवविविधतेच्या अंगाने. ती रास्तच होती. मातीच्या अंगाने टीका करणारे मात्र विरळा.

राब आणि ‘आसूड’

अशा वेळी आपल्या परंपरेत या प्रश्नाची जाण होती काय, असा विचार साहजिकच मनात येतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा आसूड’ या ग्रंथाचे वाचन बहुधा नोकरशाही, धर्म आणि शेतसारा या अंगांनी होते. त्यातील मातीचा विचार तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. डोंगरटेकड्यांवरील झाडझाडोऱ्याची पाने-फुले, मेलेले जीवजंतू, जनावरांचे मलमूत्र पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन शेतांना आपोआप खत मिळत असे, हे फुले स्पष्टपणे नोंदवितात. जंगलखात्याने डोंगर आणि गायराने ताब्यात घेतल्यानंतर शेतकऱ्याची जनावरे आणि त्यांबरोबर त्याचे खत कसे तुटले, हेही ते सांगतात. इतकेच नव्हे तर सरकारी शिपाई-पलटणींकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे डोंगराचे सत्त्व वाहून न जाता शेतात मुरेल, अशी सूचनाही करतात. पोषकद्रव्यांचा प्रवाह, त्याचा मार्ग आणि त्याची मालकी या तिन्ही गोष्टी एकत्र पाहणारा हा विचार आहे. आजच्या लागवड-अहवालांत यांतील एकही आढळत नाही.

तथापि फुल्यांचा दृष्टिकोन शेताच्या बांधावर उभा राहून डोंगराकडे पाहणारा आहे. डोंगराने जे दिले त्याची भरपाई डोंगराला कोण करणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, कारण त्यांच्या नजरेसमोरचा डोंगर मिश्र झाडोऱ्याने झाकलेला होता. मावळ आणि कोकणातील राबाची चर्चा येथे उपयुक्त ठरते. ऐनासारख्या झाडांच्या डहाळ्या तोडून, त्यांवर गवत, पाला, शेण पसरून, ते जाळून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणे म्हणजे राब. ठाणे-कुलाबा भागातील शेतकऱ्यांचा हा हक्क ब्रिटिश वनखात्याने आवळला, आणि असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. आज आपण शेतकऱ्याच्या बाजूने हा इतिहास सांगतो, आणि तसाच तो सांगायला हवा. परंतु हिशेबाच्या दृष्टीने राब म्हणजेही डोंगराकडून वाफ्याकडे केलेली बदली आहे. जाळताना नत्राचा मोठा भाग हवेत जातो. राखेतील पालाश, चुना व स्फुरद वाफ्याला मिळतात. ऐनाच्या खालची माती मात्र उघडी राहते. डोंगर मोठा आणि वाफा लहान होता तोवर हे निभावले. परंपरेला हिशेबातून सूट देण्याची प्रवृत्ती आपल्या पर्यावरणविषयक लेखनात फार आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदविले.

परंपरेतच याची दुसरी बाजू देवराईची आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकापासून पश्चिम घाटातील ज्या देवरायांचा अभ्यास केला, त्यांतील अनेक ठिकाणी कुऱ्हाड लावण्यास मनाई होतीच, शिवाय पडलेले वाळके लाकूड व पाचोळा उचलण्यासही होती. देवराईतील महाकाय वृक्षांचे वर्णन सर्वच करतात. पाचोळा न उचलण्याचा नियम त्या वर्णनात सहसा निसटतो.

भोसरीच्या रस्त्यावर

आपल्या औद्योगिक पट्ट्यात लाकडासाठी लागवड होत नाही, तेव्हा या चर्चेचा भोसरी, चिंचवड वा चाकणशी काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध असा की, येथे कुऱ्हाडीशिवायच माती रिकामी होते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील रस्त्यांवर सोनमोहर, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांची पानगळ होते. ती रोज झाडली जाते, गोणीत भरली जाते आणि मोशीच्या डेपोकडे जाते. राहिलेली कोपऱ्यात पेटवून दिली जाते. झाडाखालचा चौकोन फरसबंदीने किंवा डांबराने आक्रसलेला असतो. दर वर्षी त्या चौकोनातून पाने, फुले, शेंगा यांच्या रूपाने द्रव्ये बाहेर पडतात आणि परत काही येत नाही. मोशीत पाल्याचे खत झाले, तरी ते त्या झाडापर्यंत परतत नाही. अशी झाडे पहिली पंधरा-वीस वर्षे उत्तम वाढतात. पुढे शेंडा वाळू लागतो, तेव्हा आपण तारा, धूर आणि कीड यांना जबाबदार धरतो. ती कारणेही खरी असतात, पण भुकेचा संशय कोणाला येत नाही.

पुणे परिसरातील टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाची गोष्ट थोडी वेगळी. गुरे खात नाहीत आणि मुरमाड जमिनीवर तग धरते, म्हणून हे मध्य अमेरिकेतील झाड निवडले गेले. पक्ष्यांना त्याचा उपयोग नाही, खाली काही उगवत नाही, असे आक्षेप आता सर्वश्रुत आहेत. मातीच्या दृष्टीने मात्र ते दोषी ठरत नाही. ते नत्र स्थिर करते, त्याचा पाला लवकर कुजतो, आणि टेकडीवरून कोणी त्याची खोडे तोडून नेत नाही. खरा तोटा होतो तो वणव्यांत. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीवर पाल्याचा थर असतो, कोणीतरी तो पेटवितो, नत्र हवेत जाते आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर राख उतारावरून नाल्यात जाते. वर्षभराची कमाई अशी एका दुपारी उधळली जाते. गिरिपुष्प उपटून देशी झाडे लावावीत, असा आग्रह धरणाऱ्यांनी वणव्याचा बंदोबस्त केला नाही, तर वड-पिंपळांचा पालाही त्याच नाल्यात जाईल.

याच्या उलट टोकाला शहरांतील ‘घनवने’ आहेत. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीवर आधारित अटल आनंदवन घनवन योजना राज्यात २०१९ मध्ये सुरू झाली, आणि दोन-तीन वर्षांत पुरुषभर उंचीहून वर गेलेल्या रोपांची छायाचित्रे सर्वत्र झळकली. वाढ खरीच आहे. परंतु या पद्धतीत जमीन खोल खणून शेणखत, भुसा, पेंढा यांसारखा सेंद्रिय माल मोठ्या प्रमाणावर मिसळला जातो. तो माल कोठून तरी आलेला असतो. बहुधा चाकण-खेडच्या किंवा तत्सम एखाद्या शेतशिवारातून. घनवनाच्या वेगाचे श्रेय दाट लागवडीला जेवढे दिले जाते, तेवढे त्या ट्रॉल्यांना दिले जात नाही. शहराचे जंगल वाढले, आणि ज्या शेताला ते शेणखत मिळायचे त्याचा उल्लेख कोणत्याही फलकावर नाही. हाच प्रश्न उद्या बांबूच्या बाबतीतही विचारावा लागेल. २०१९ च्या अटल बांबू समृद्धी योजनेपासून त्याची लागवड वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर जाळण्याचे इंधन म्हणूनही त्याचा विचार होतो. दर वर्षी तोडणी, तीही पालाशाने समृद्ध अशा काठ्यांची, आणि राख वीजकेंद्रात. निलगिरीच्या वेळी जो हिशेब राहून गेला तो बांबूच्या वेळी आधी करता येईल. योजनेच्या प्रचारात तूर्त उत्पन्नाचेच आकडे पुढे आहेत.

महाविद्यालयांपुरते बोलायचे तर मूल्यांकनाच्या निमित्ताने आपण सर्वजण हरित लेखापरीक्षण करून घेतो. त्यात परिसरातील झाडांची संख्या, जाती, बुंध्याचा घेर आणि त्यांनी शोषलेला कर्ब यांचे तक्ते असतात. पाचोळ्याचा रकाना बहुतेक अहवालांत नसतो, आणि अहवाल तयार होत असताना बाहेर शिपाई पाने झाडून गोळा करीत असतो. हा रकाना भरण्यास फारशी साधने लागत नाहीत. एका झाडाखाली ठराविक मापाची जाळी अंथरून महिन्याला पडणारा पाला वाळवून तोलणे, तो कोठे गेला याची नोंद ठेवणे, आणि माती परीक्षण प्रयोगशाळेकडून सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद व पालाश तपासून घेणे, एवढे काम पदवीच्या विद्यार्थ्यांचा एक गट वर्षभरात करू शकतो. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि वाणिज्य या विभागांना एकत्र बसण्याचे निमित्तही त्यातून मिळेल; वाणिज्याच्या सहकाऱ्यांना ताळेबंदाची भाषा समजावून सांगावी लागणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पुढच्या जुलैत जी रोपे लावली जातील, त्यांच्या जागेचा मातीचा पहिला नमुना मात्र जूनमध्येच, खड्डे खणण्यापूर्वी आणि त्यांत शेणखत पडण्यापूर्वी घ्यावा लागेल.